सांधा

दिवाळीची झाडलोट सुरू झाली की घरोघर एक न्यायालय भरते. माळ्यावरून एकेक वस्तू खाली उतरते, ओटीवर मांडली जाते आणि तिचा निवाडा होतो: ठेवायची की भंगारवाल्याला द्यायची? न्यायाधीशपद बहुधा घरच्या गृहिणीकडे असते. सरकारी वकिली मुले करतात. वस्तूच्या बाजूने बोलणारे एखादे आजोबा असलेच, तर त्यांचे म्हणणे आदराने ऐकून घेऊन निकाल त्यांच्याविरुद्ध दिला जातो. पूर्वी या पिंजऱ्यात पितळी समई, मोडका पाळणा, गॅसची बत्ती अशी मंडळी उभी राहत. अलीकडे त्यांच्यात एक नवा आरोपी दाखल झाला आहे. तो म्हणजे जुना संगणक.

त्याच्यावरचा आरोप मोठा चमत्कारिक असतो. समईची वात ठेवायची जागा फुटली, पाळण्याची दांडी मोडली, असे काही त्याच्याबाबत म्हणता येत नाही. कळ दाबली तर तो उठतो, लिहायला सांगितले तर लिहितो, हिशेब करायला सांगितला तर बिनचूक करतो. आरोप एवढाच, की तो कशालाच जोडला जात नाही. घरातली बाकीची यंत्रे एकमेकांशी बोलतात आणि हा एका कोपऱ्यात गप्प बसून असतो. स्वतःत धडधाकट, पण संगतीतून उठलेला. वाचकहो, हे वर्णन वाचताना तुमच्या मनात यंत्राऐवजी एखादे माणूस आले असेल, तर तो माझ्या लेखणीचा दोष समजू नका. माझ्याही मनात तेच आले होते.

अशा जुन्या संगणकाला नव्या जाळ्यात आणून बसवणारी एक लहानशी वस्तू असते. इंग्रजीत तिला नेटवर्क अडॅप्टर म्हणतात; आपल्याकडच्या दुकानांत तिचे नाव लॅन कार्ड. या हातभर लांबीच्याही नसलेल्या वस्तूच्या निमित्ताने मला एक मोठा प्रश्न विचारायचा आहे. जुने आणि नवे समोरासमोर आले, तर वाकायचे कोणी? माझे शिक्षण मॅट्रिकपुरते, धंदा शिकवण्याचा आणि हौस कादंबऱ्या लिहिण्याची. तेव्हा इंजिनिअर मंडळींनी हसून सोडून द्यावे. पण हा प्रश्न केवळ इंजिनिअरांवर सोपवण्यासारखा नाही असे मला वाटते.

*

आधी त्या जाळ्याविषयी. २२ मे १९७३ रोजी अमेरिकेतल्या पालो आल्टो गावी, झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात रॉबर्ट मेटकाफ या तरुणाने एक टिपण लिहिले. एकाच इमारतीतले अनेक संगणक एका सामायिक तारेवर एकमेकांशी कसे बोलतील, याची योजना त्यात होती. डेव्हिड बॉग्ज या सहकाऱ्याबरोबर त्याने ती प्रत्यक्षात उतरवली आणि तिला नाव दिले इथरनेट. ईथर हा शब्द त्याने शास्त्राच्या अडगळीतून उचलला. प्रकाश ज्याच्यातून प्रवास करतो असे एक सर्वव्यापी द्रव्य विश्वात भरलेले आहे, अशी एकोणिसाव्या शतकातल्या शास्त्रज्ञांची समजूत होती. १८८७ साली मायकेलसन आणि मोर्ले यांनी ते शोधण्यासाठी मोठा नाजूक प्रयोग केला, आणि ते सापडले नाही. पुढे ती कल्पना निकालात निघाली आणि शब्द बेकार झाला. आपल्याकडच्या वैशेषिकांनी शब्दाचा आश्रय म्हणून आकाश नावाचे द्रव्य मानले होते. त्याच जातीची ही कल्पना. तो टाकून दिलेला शब्द मेटकाफने झाडून पुसून घेतला आणि त्याला नवे काम दिले. म्हणजे या विद्येचे बारसेच भंगारातल्या शब्दाने झाले आहे.

त्या सामायिक तारेवरचे शिष्टाचार वाचण्यासारखे आहेत. बोलण्यापूर्वी ऐकावे. दुसरा कोणी बोलत असेल तर थांबावे. दोघे एकदम बोलले आणि शब्दांची टक्कर झाली, तर दोघांनीही तत्काळ गप्प व्हावे, आणि प्रत्येकाने आपापल्या नशिबाने येईल तेवढा वेळ थांबून पुन्हा प्रयत्न करावा. पुन्हा टक्कर झाली तर थांबण्याची मुदत दुपटीने वाढवावी. यामागची मूळ कल्पना हवाई बेटांवरच्या विद्यापीठातल्या अलोहा नावाच्या बिनतारी जाळ्यातून आली. ते जाळे १९७१ साली सुरू झाले होते. हे नियम आपल्या सभासंमेलनांना लागू केले तर बरीचशी संमेलने वेळेवर संपतील.

आज प्रत्येक संगणकाला मधल्या स्विचपासून स्वतंत्र तार मिळते, त्यामुळे ती टक्कर जवळजवळ उरलेली नाही. एक गोष्ट मात्र टिकली. १९८० साली डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी मिळून या पद्धतीचा नमुना प्रसिद्ध केला, तेव्हा तारेवरून जाणाऱ्या पाकिटाचा आकार ठरला: आधी घेणाऱ्याचा पत्ता, मग पाठवणाऱ्याचा, मग मजकुराची जात, आणि पुढे जास्तीत जास्त १५०० अक्षरांएवढा मजकूर. तेव्हाचा वेग होता सेकंदाला एक कोटी बिट. आजच्या मोठ्या संगणककेंद्रांत तो चाळीस हजार कोटींच्याही पलीकडे गेला आहे. रस्ता चाळीस हजारपट रुंद झाला, पण पाकीट त्याच घडीचे राहिले. म्हणूनच पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या यंत्राने लिहिलेले पाकीट आजचे यंत्र उघडून वाचू शकते. अडचण पाकिटाची नसते. अडचण असते जुन्या यंत्राला दारच नसण्याची.

*

ते दार म्हणजे अडॅप्टर. संगणकाच्या आतली बोली वेगळी आणि तारेवरची बोली वेगळी. हे कार्ड मध्ये बसून एकीचे दुसरीत रूपांतर करते. १९८० च्या दशकात नोव्हेल कंपनीचे एनई २००० नावाचे कार्ड निघाले. त्याच्याबरहुकूम चालणारी कार्डे पुढे इतक्या कारखान्यांनी काढली, की ते एका कार्डाचे नाव न राहता घराण्याचे नाव झाले. आपल्या मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर त्या घराण्याची कितीतरी संतती विकली गेली असेल.

पण ज्या यंत्रात कार्ड खुपसायला खाचच नाही, त्याने काय करावे? सुरुवातीचे हातात नेण्याजोगे संगणक असेच होते. त्यांच्यासाठी १९८९ च्या सुमारास झिरकॉम नावाच्या कंपनीने एक खिशात मावणारी डबी काढली. ती लावायची छपाईयंत्राच्या जागी. आता छपाईयंत्राची जोडणी ही मुळात एकतर्फी. संगणकाने सांगायचे आणि छपाईयंत्राने उतरवून घ्यायचे. सांगण्यासाठी आठ तारा होत्या. परत यायच्या तारा पाचच, आणि त्यांचे काम 'मी गुंतलो आहे', 'कागद संपला' असल्या तक्रारी पोहोचवण्याचे. या डबीच्या कर्त्यांनी त्या तक्रारीच्या तारांपैकी चार हाताशी धरल्या आणि एकेक अक्षर अर्धे अर्धे करून त्यांवरून आत आणले. ज्या वाटेने आजवर फक्त 'कागद संपला' एवढीच बातमी यायची, त्या वाटेने सारे जाळे आत येऊ लागले. वेग अर्थातच बेताचा. पण जे यंत्र केवळ हुकूम सोडण्यासाठी घडले होते, ते ऐकायला शिकले. अॅपल कंपनीच्या १९८६ च्या मॅकिन्टॉश प्लस यंत्रासाठीही असाच उपाय निघाला. तिथे डिस्क जोडायच्या जागेतून जाळे आत आणणाऱ्या पेट्या झाल्या.

या सगळ्या युक्त्यांत एक समान धागा आहे. अडॅप्टर करणाऱ्याने जुन्या यंत्राला 'तू असा का नाहीस?' असे विचारले नाही. 'तुझ्यापाशी काय आहे?' असे विचारले. आठ तारा आहेत, पाच तारा आहेत, ठीक. यांतून काय करता येईल ते पाहू. शिक्षकाच्या धंद्यात निम्मी विद्या हीच असते.

*

मी चांदीपचा. विरारच्या पूर्वेला, महामार्ग ओलांडून गेले की आमचा मुलूख लागतो. इकडच्या मुलांत वारली, मल्हार कोळी, आगरी, कुणबी अशी सगळी असतात. मी ज्या शाळेत शिकवतो तिथे एका खोलीत नवे संगणक आले, तेव्हा कोपऱ्यातल्या एका जुन्या यंत्राचा निवाडा करायची वेळ आली. त्यावर विंडोज ९८ चालत असे. आमच्या एका निवृत्त कारकुनांनी फावल्या वेळात शाळेच्या जनरल रजिस्टरची यादी त्यात उतरवली होती: नाव, बापाचे नाव, जात, गाव, आणि ती नोंद कोणत्या बुकाच्या कितव्या पानावर आहे ते. मूळ बुके कपाटात होती. पण पाने इतकी जीर्ण, की उगीच चाळली तर हातात तुकडे यावेत. ती यादी म्हणजे त्या बुकांची किल्ली होती.

जाळे बसवायला आलेला मुलगा आमचाच माजी विद्यार्थी. त्याने ते यंत्र पाहिले आणि हसला.

"सर, हा आता म्युझियमला द्या."

"त्यात रजिस्टरची यादी आहे रे."

"मग पेनड्राइव्हवर घ्या ना काढून."

"लावून बघ."

त्याने लावून पाहिले. जुन्या यंत्राला तो पाहुणा ओळखताच येईना. डिस्क काढून दुसरीकडे लावायचा विचार झाला. पण यादीचे सॉफ्टवेअर त्याच यंत्रावर चालणारे, आणि म्हाताऱ्या डिस्कचा भरवसा नाही. तेव्हा पोरगा गंभीर झाला. चार दिवसांनी तो परत आला तो एक लॅन कार्ड घेऊन. कुठल्याशा दुकानाच्या ढिगातून शोधून आणलेले, एनई २००० च्याच घराण्यातले, दहाच्या वेगाचे.

"सर, ह्याला जास्त काही नको होतं. कोणी विचारलंच नव्हतं त्याला."

कार्ड बसले, तार जोडली, स्विचवर दिवा लागला. नव्या यंत्रांच्या दिव्यांहून रंग वेगळा, पण लागला. फाईल मागण्याच्या नव्या रीती जुन्याला येत नव्हत्या. तेव्हा त्या मुलाने दोघांनाही येणारी एफटीपी नावाची जुनी, साधी रीत काढली. नव्या यंत्राला घेणारा केले आणि जुन्याला पाठवायला सांगितले. यादी पलीकडे पोहोचली. पण उघडून पाहतो तो वारली, कोळी, चांदीप यांच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी! जुन्या मराठी अक्षरसंचांची ही तऱ्हा अनेक वाचकांनी अनुभवली असेल. तिथे दुसरा सांधा लागला, जुन्या अक्षरांचे युनिकोडमध्ये रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामचा.

या दुसऱ्या सांध्याशी आपल्या महाराष्ट्राचे जवळचे नाते आहे. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले आणि जिस्ट कार्ड नावाची वस्तू तयार झाली. इंग्रजीखेरीज काही न जाणणाऱ्या संगणकात ते कार्ड घातले की पडद्यावर देवनागरी उमटे. भारतीय लिप्यांच्या संकेतांचा नमुना १९८८ साली ठरला, आणि १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली तेव्हा तिने देवनागरीची मांडणी त्याच नमुन्यावरून घेतली. जगाच्या नव्या कोशाने आपला जुना क्रम मोडून न टाकता आत घेतला. आज मोबाईलवर आपण सहज मराठी लिहितो, त्याच्या पायात हा एक दगड आहे.

पुढच्या पावसाळ्यात एका वारली मुलीचा बाप शाळेत आला. मुलीच्या जातीच्या दाखल्यासाठी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या शाळेच्या नोंदीचा पुरावा हवा होता. आजोबा शाळेत गेले होते असे घरात सांगत. कोणत्या साली ते कोणाला ठाऊक नव्हते. यादीत नाव सापडले, बूक सापडले, पान सापडले. नोंदीच्या शेवटच्या रकान्यात शाळा सोडण्याचे कारण लिहिले होते: शेतीकाम. बापाला ते वाचून दाखवले. तो बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून उभा राहिला. मग म्हणाला, "म्हणजे गेलता खरा." त्या एका ओळीवर नातीचे पुढचे शिक्षण अवलंबून होते. निकामी ठरवलेल्या यंत्राच्या पोटात काय असते ते असे.

*

आता वाकण्याच्या प्रश्नाकडे येतो. तांब्याच्या पिळलेल्या तारेवरून चालणारे इथरनेट १९९० साली प्रमाणित झाले, तेव्हा त्यात एक सुंदर सोय होती. यंत्राला बोलायचे काही नसले, तरी ते दर सोळा मिलिसेकंदांच्या आसपास एक बारीक ठोका तारेवर सोडत राही. अर्थ एवढाच: मी आहे. पलीकडच्याने तो ऐकला की जोडणी जिवंत आहे असे समजायचे. पुढे दसपट वेगाची पद्धत आली आणि प्रश्न उभा राहिला: नव्या यंत्राने समोरच्याला आपला वेग कसा सांगावा? नवीच भाषा काढली असती तर जुन्या यंत्राला ती कळली नसती आणि तार मुकी झाली असती. १९९५ साली ज्या समितीने हा नियम ठरवला, तिने त्या जुन्या ठोक्यांचाच झुबका करून त्यात नव्याची सारी ओळख गुंफली. नवे यंत्र तो झुबका ऐकून 'मला शंभर येतात, दहाही येतात' असा अर्थ लावते. जुन्याला मात्र त्यात आपला परिचित ठोकाच ऐकू येतो. आणि समोरून उत्तरादाखल झुबका न येता साधाच ठोका आला, तर नवे यंत्र ओळखते की पलीकडे म्हातारा आहे. मग ते निमूटपणे दहावर उतरते. आमच्या शाळेतल्या त्या वेगळ्या रंगाच्या दिव्याचा अर्थ हाच होता.

कोणी वाकायचे, याचे उत्तर इथे वयावर ठरलेले नाही; कुवतीवर ठरले आहे. जुन्याला वर चढता येत नाही. नव्याला दोन्ही वेग येतात. म्हणून उतरायचे नव्याने. यात जुन्याला कोणी दान दिले असे नाही आणि नव्याचा अपमानही झाला नाही. तेच नवे यंत्र दुसऱ्या तारेवर दुसऱ्या नव्याशी पूर्ण वेगाने बोलतच असते. ज्याच्यापाशी अधिक शक्यता आहेत, त्याच्याकडे पहिले पाऊल टाकण्याचे कर्तव्य जाते. वर्गात हे रोज अनुभवास येते. वारली बोलणारे सहा वर्षांचे मूल पुस्तकी मराठी घेऊन जन्माला येत नाही. मास्तरला पुस्तकी मराठी येते आणि इच्छा असेल तर मुलाची बोलीही शिकता येते. आधी कोणी शिकावे, हे मग उघड आहे.

पण जुन्यावर काहीच जबाबदारी नाही असे मात्र नव्हे. त्याला ठोका सोडत राहावे लागते. जो 'मी आहे' एवढेही कळवत नाही, त्याच्यासाठी कोणी काही करू शकत नाही. आणि याहून वाईट एक प्रकार जाळे सांभाळणाऱ्यांना चांगला माहीत आहे. कधी एका बाजूचे यंत्र कोणीतरी हाताने पक्के करून ठेवलेले असते: वेग हाच, आणि बोलणे-ऐकणे दोन्ही एकाच वेळी. वाटाघाट बंद. दुसरे यंत्र विचारपूस करते, उत्तर मिळत नाही, तेव्हा ते सावधपणे गृहीत धरते की इथे पाळीपाळीने बोलायचे आहे. मग काय होते? तार तुटलेली नसते, दिवा लागलेला असतो, लहानसहान निरोप जातातही. पण मोठा मजकूर पाठवू गेले की एकाच्या बोलण्यावर दुसरा बोलतो आणि सारे रखडते. बाहेरून पाहणाऱ्याला दोष सापडत नाही. अशी कितीतरी घरे आपण पाहिली आहेत. जेवायला सगळे एकत्र बसतात, सणाला नवे कपडे येतात, आणि एखादी महत्त्वाची गोष्ट निघाली की घोटाळा. कारण एकाने फार पूर्वी आपल्यापुरते काही पक्के ठरवले आणि ते सांगायचे राहिले.

*

यावर एक आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. जुन्याचे ओझे कुठवर वाहायचे? प्रत्येक नव्याने प्रत्येक जुन्यासाठी उतरत राहायचे, तर जग पुढे कसे जाणार?

याचे उत्तर मला आमच्या विरार स्टेशनात मिळते. पश्चिम रेल्वेच्या विजेच्या गाड्या १९२८ साली बोरिवलीपर्यंत धावू लागल्या आणि १९३६ साली विरारपर्यंत आल्या. ही वीज १५०० व्होल्टची, डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी. १९७० च्या दशकात विरारच्या उत्तरेला वीज आली ती मात्र नव्या पद्धतीची, २५ हजार व्होल्टची, एसी. दोन युगांची हद्द विरारला पडली. प्रत्येक लांबच्या गाडीचे इंजिन इथे बदलायचे तर केवढा खोळंबा! म्हणून चित्तरंजनच्या कारखान्यात डब्ल्यूसीएएम-१ नावाची, दोन्ही विजांवर चालणारी इंजिने १९७५ पासून तयार झाली. विरारजवळ वरच्या तारेचा एक निर्जीव तुकडा असे. तिथे चालकाने एक वीज सोडून दुसरी धरायची, आणि गाडी पुढे. कित्येक वर्षे ही इंजिने दोन युगांना जोडत राहिली. पुढे चर्चगेट-विरार मार्गाचेही एसीत रूपांतर झाले. ते २०१२ साली पुरे झाले, आणि त्या दुहेरी इंजिनांचे ते काम संपले. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत गेली.

म्हणजे सांधा हा कायमचा मुक्काम नसतो. तो मुदत देतो. त्या मुदतीत जुन्याने आपले काम पुरे करावे, आपल्याजवळचे नव्याच्या हवाली करावे आणि मग सन्मानाने थांबावे. अन्याय थांबवण्यात नाही. हवाली करून घेण्याआधी दार बंद करण्यात आहे. आमच्या शाळेतले ते जुने यंत्रही घरच्या जाळ्यापुरतेच जोडले आहे. बाहेरच्या इंटरनेटच्या बाजारात त्याला सोडलेले नाही. तिथल्या आजच्या चोरांशी सामना करण्याचे त्याचे वय नाही. नात्यागोत्यात आणणे आणि चव्हाट्यावर उभे करणे यांत फरक आहे, आणि तो सांभाळणे हेही जोडणाऱ्याचेच काम.

जोडणाऱ्याविषयी आणखी एक गोष्ट. अडॅप्टर पाकीट पोहोचवतो. आतला मजकूर बदलत नाही, आणि पोहोचवण्याबद्दल प्रत्येक पाकिटामागे काही कापून घेत नाही. दोन माणसांच्या मध्ये बसणाऱ्या प्रत्येकाला हे म्हणता येत नाही. शेतात राबून बोटांच्या रेषा झिजलेली म्हातारी रेशनच्या यंत्रावर अंगठा ठेवते आणि यंत्र तिला ओळखत नाही. अशा वेळी दुसरी सोय असते. पण ती आहे, एवढे तिला सांगणारा कोणीतरी शेजारी लागतो. तो सांगून मोकळा झाला तर सांधा. त्याने सोय आपल्या मुठीत ठेवली आणि म्हातारीला दर महिन्याला आपल्याच दारी यायला लावले, तर दलाल. दोघेही मध्येच उभे असतात. दुरून सारखेच दिसतात. एकाला आपली गरज संपलेली चालते, दुसऱ्याला चालत नाही. आपल्याकडे शिकलेल्या माणसाला या दोहोंपैकी काय व्हायचे ते पुष्कळदा ठरवावे लागते, आणि मास्तरही त्यातून सुटत नाही.

*

शेवटी नव्यांसाठी दोन शब्द. २००८ साली अॅपलने मॅकबुक एअर नावाचा कागदाच्या पाकिटात मावेल एवढा पातळ संगणक काढला. इतका पातळ, की त्यात इथरनेटची तार लावायला जागाच राहिली नाही. तार जोडायची तर त्याला वेगळा अडॅप्टर घ्यावा लागे. त्यानंतर पातळ संगणकांची रीघ लागली, आणि आज बाजारात हे अडॅप्टर मोठ्या संख्येने घेतात ते नव्या यंत्रांचेच मालक. दुसरीकडे अतिवेगवान स्विचांपैकी कित्येकांनी दहाचा वेग ऐकणे सोडले आहे. त्यांना जुने यंत्र जोडायचे झाले तर मध्ये एक मधल्या पिढीचा साधा स्विच ठेवावा लागतो, ज्याला दोघांचेही कळते. नातवाचे आणि आजोबांचे बोलणे अडले की घरात आई नाही का मध्ये बसत, तसेच.

तेव्हा कोण कोणत्या तारेवर केव्हा जुना ठरेल याचा भरवसा नाही. समित्यांच्या हातून फारसे भले झाल्याचे आपल्या ऐकिवात नसते. पण १९९५ च्या त्या समितीने एक शहाणपण कागदावर उतरवून ठेवले: नव्याने आपला पहिला शब्द जुन्याला कळेल अशा आवाजात उच्चारावा, उत्तराची वाट पाहावी, आणि मग वेग ठरवावा. हा नियम तांब्याच्या तारेसाठी लिहिला आहे. माणसांनी तो पाळू नये, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही.